पासवर सही करणाऱ्याचे शिक्षण

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडोदऱ्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात हिशेब विभागात अकरा वर्षे काढलेल्या गृहस्थांकडे यंदा जूनपासून विद्यार्थी प्रवृत्तींचे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या उपक्रमांचे, काम सोपवले गेले आहे. हाताखाली एक लिपिक आणि एक शिपाई आहे. विद्यार्थी संघ निवडून येतो, वर्षाला लहानमोठे तीस-पस्तीस कार्यक्रम होतात. प्राचार्यांनी तिघांच्या प्रशिक्षणासाठी ६० हजार रुपये मंजूर करून महिन्याभरात आराखडा मागितला आहे. त्यांच्या टेबलावर दोन पत्रके आहेत. एक हॉटेलात होणाऱ्या तीन दिवसांच्या नेतृत्व विकास शिबिराचे, माणशी १८ हजार रुपये. दुसरे एका ऑनलाइन पदविकेचे. ते विचारतात की यांतले कोणते निवडावे, आणि परदेशात या कामाचे म्हणून जे प्रशिक्षण असते त्याचा इथे काही उपयोग होतो का.

मी याच शहरातल्या एका महाविद्यालयाच्या विद्यार्थी कल्याण कार्यालयात २७ वर्षे काम करून निवृत्त झालो, त्यामुळे उत्तर लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. दोन्ही पत्रके सध्या खणात ठेवा, असे माझे मत आहे. ती शिबिरे वाईट असतात म्हणून मी हे म्हणत नाही. मी स्वतः अशा तीन शिबिरांना गेलो आहे, जेवण उत्तम होते, आणि एका शिबिरात डोळ्यांवर पट्टी बांधून सहकाऱ्याच्या हाताला धरून चालण्याचा खेळही खेळलो. अडचण अशी की ती शिबिरे कोणत्याही कार्यालयातल्या कोणाही माणसासाठी असतात आणि तुमच्या कामाची अडचण फार वेगळ्या जागी आहे.

ती जागा अशी. विद्यार्थी संघ दरवर्षी नवा असतो. जी.एस., म्हणजे संघाचा सरचिटणीस, निवडून येतो, दिवाळीपर्यंत त्याला कोटेशन आणि बिल यांतला फरक कळू लागतो, फेब्रुवारीत तो चांगला तरबेज होतो आणि एप्रिलमध्ये परीक्षा देऊन निघून जातो. पुढच्या वर्षीचा मुलगा पुन्हा पहिल्या पायरीवर उभा असतो. प्राध्यापक प्रभारीही दोन-तीन वर्षांनी बदलतात. गेल्या वर्षी काय झाले हे सांगू शकणारे कार्यालयात तुम्ही तिघेच उरता. तेव्हा तुमच्या प्रशिक्षणाचा खरा प्रश्न असा आहे की या तिघांना जे ठाऊक आहे ते नेमक्या वेळी, नेमक्या माणसाच्या कानावर कसे पडेल. बाकीचे सगळे अभ्यासक्रम त्यानंतरचे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी मान्य करतो. संघ निवडणुकीने येतो की प्राचार्य गुणवत्तेवरून नेमतात, यावर तुमचे निम्मे वर्ष कसे जाईल हे ठरते. विद्यार्थी शुल्कातली प्रवृत्ती फी वेगळ्या खात्यात जमा होते की सामान्य खात्यात मिसळते, यावर बाकीचे अर्धे. तुमच्याकडे सभागृह स्वतःचे आहे की भाड्याचे, मुले हजार आहेत की सहा हजार, रात्रीचे कार्यक्रम होतात की नाही, यांनुसार खालच्या मजकुरातले काही तुम्हाला लागू पडणार नाही. तुम्ही हिशेबातून आला आहात, हा मात्र फायदाच आहे. या खात्यात येणारी बहुतेक माणसे नाटक-गाण्याची आवड म्हणून येतात आणि पहिल्याच लेखापरीक्षणात रडकुंडीला येतात.

आता एक जुनी गोष्ट सांगतो, कारण माझे बाकीचे सगळे म्हणणे तिच्यावरच उभे आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आमच्याकडे आंतरमहाविद्यालयीन नृत्यस्पर्धा होती. संघाच्या मुलांनी १,२०० पास छापून आणले आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या गठ्ठ्यावर सह्या आणि शिक्के मारले. सभागृहात खुर्च्या ७०० होत्या. मी हिशेब केला नाही, कारण पास म्हणजे माझ्या लेखी कागद होता आणि कागदावर सही करणे हे माझे काम होते. संध्याकाळी साडेसहाला दाराशी जी रेटारेटी झाली तीत प्रथम वर्षाची एक मुलगी पायरीवरून पडली आणि तिचे मनगट मोडले. त्याहून वाईट काही झाले नाही, हे नशीब. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावले, मी खाली मान घालून ऐकून घेतले आणि प्रकरण तिथेच संपले. ते तिथेच संपले, हीच खरी चूक होती. पुढच्या वर्षी नवा संघ आला, नवा जी.एस. आला, मी आईच्या आजारपणामुळे दोन आठवडे रजेवर होतो, आणि माझ्या जागी बसलेल्या लिपिकापुढे पुन्हा १,२०० पासांचा गठ्ठा आला. तो सही करणार इतक्यात चहा घेऊन आलेला शिपाई म्हणाला, "साहेब, गेल्या वर्षी इतकेच पास काढले होते, आणि पोरगी पडली होती." गठ्ठा परत गेला, ६५० पास निघाले.

मी रजेवरून आल्यावर हे ऐकले तेव्हा मला जी लाज वाटली ती आजही आठवते. महाविद्यालयाने माझ्यावर दोन शिबिरांचा खर्च केला होता, लिपिकावर एका संगणक वर्गाचा, आणि ज्याच्या डोक्यात ती एक उपयोगी गोष्ट शिल्लक होती त्याला कोणी कधी बैठकीत बसवलेही नव्हते.

पासांचा आणि खुर्च्यांचा हा हिशेब मी का इतका उगाळतो, हे वडोदऱ्याच्या माणसाला समजावून सांगायला नको. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात सहलीच्या मुलांची बोट उलटली आणि १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. त्याच्या दोनच महिने आधी, २५ नोव्हेंबर २०२३ रोजी, कोचीच्या एका विद्यापीठात संगीताच्या कार्यक्रमाआधी खुल्या नाट्यगृहाच्या उतरत्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी होऊन चार जणांचा जीव गेला. पाऊस आला आणि बाहेर थांबलेला जमाव एकदम आत घुसला. दोन्ही ठिकाणी तपास आणि खटले आपापल्या वाटेने जातील. आपल्या कामापुरते पाहिले तर दोन्हीकडे एक साधा आकडा कोणीतरी वेळेवर विचारायला हवा होता: आत किती मावतात आणि आपण किती जणांना बोलावले आहे. सहल असो, गरबा असो की कवी संमेलन, हा आकडा विचारण्याची सवय हेच तुमच्या लिपिकाचे आणि शिपायाचे पहिले प्रशिक्षण.

ती सवय कशी लावायची, याबद्दल माझ्या अनुभवाचे सांगतो. कार्यक्रम संपल्यावर तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी अर्धा तास बसायचे. दुसऱ्या दिवशी बसू नये, सगळे थकलेले आणि चिडलेले असतात; आठवड्याने बसू नये, सगळे विसरलेले असतात. बैठकीला कार्यालयातले तिघे, संघाचे दोन प्रतिनिधी, आणि जमल्यास साउंडवाला किंवा मांडववाला. मी सेवउसळ मागवत असे, कारण नुसत्या चहावर मुले दहा मिनिटांत उठतात. तीनच प्रश्न विचारायचे: काय ठरले होते, प्रत्यक्षात काय झाले, पुढच्या वर्षीच्या मुलाला काय सांगून ठेवायचे. "कोणाची चूक" हा प्रश्न त्या अर्ध्या तासात कोणी काढला तर मी त्याला थांबवत असे. ज्या बैठकीत दोष वाटले जातात, तिथे पुढच्या वेळी कोणी खरे बोलत नाही. शिपायाने सगळ्यांत आधी बोलायचे, हा आमच्या कार्यालयाचा नियम होता. वरिष्ठ आधी बोलला की खालचा माणूस मान डोलावतो आणि गप्प बसतो.

बैठकीतून एक पान निघते आणि ते त्या कार्यक्रमाच्या फाइलीत सर्वांत वर लागते. आमच्या फाइलीतले असे एक पान माझ्यापाशी अजून आहे, वार्षिक उत्सवाचे. त्यावर लिपिकाच्या अक्षरात लिहिले आहे: जेवणाची ताटे ४०० सांगितली, ३१० लागली. जनरेटर आला पण डिझेल आपल्याला आणायचे आहे हे कोणी बोलले नव्हते. मुलींच्या कपडे बदलण्याच्या खोलीला आतून कडी नाही. पाहुण्यांना आणायला गेलेली गाडी रावपुऱ्यात वरातीत अडकली, पुढच्या वेळी दुसऱ्या रस्त्याने पाठवणे. इतकेच. यात व्यवस्थापनशास्त्राचा एकही शब्द नाही, आणि तरी पुढच्या वर्षीच्या जी.एस.ला मी हे पान वाचायला दिले तेव्हा त्याने खोलीच्या कडीचे काम जानेवारीतच करून घेतले.

इथे बाहेरच्या माणसांशी बोलण्याची एक कलाही शिकावी लागते. आपल्या गुजरातेत मांडववाल्याला, केटररला, छपाईवाल्याला काहीही विचारले की उत्तर येते, "साहेब, थई जशे," म्हणजे होऊन जाईल. ते खोटे बोलत नसतात, बहुतेक वेळा काम खरोखरच होऊन जाते. पण "थई जशे" हे उत्तर ऐकून फोन ठेवणारा माणूस या खात्यात टिकत नाही. त्यापुढे विचारायचे: किती वाजता, कोण येणार, त्याचा नंबर कोणता, वायर कोणाची, खड्डे खणल्यास बुजवणार कोण. माझ्या लिपिकाला हे शिकवायला मी त्याच्यासमोर बसून दहा फोन केले, मग त्याला करायला लावून मी समोर बसलो. दोन महिन्यांत तो माझ्यापेक्षा चांगले बोलू लागला. याला कोणतेही पत्रक लागले नाही.

आता परदेशाबद्दल. आधी शब्दाचा घोटाळा दूर करू. आपण युनियन म्हणतो तेव्हा निवडून आलेली मुले डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेत कॉलेज युनियन म्हणजे प्रामुख्याने एक इमारत: जेवणघर, सभागृह, वाचनकक्ष, खेळाच्या खोल्या, आणि ती चालवणारी पगारी माणसे. इंग्लंडच्या विद्यापीठांतल्या वादविवाद मंडळांपासून ही कल्पना निघाली आणि १८९६ मध्ये फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ह्यूस्टन हॉल उभा राहिला, तो तिथला या प्रकारचा पहिला समजला जातो. या माणसांची संघटना, असोसिएशन ऑफ कॉलेज युनियन्स इंटरनॅशनल, १९१४ पासून आहे. विद्यार्थी व्यवहार या विषयात पदव्युत्तर पदवी घेऊन लोक तिथे या नोकरीत येतात. आपल्याकडे या पदावर माणूस बदलीने किंवा "तुमचा मुलांशी चांगला संबंध आहे" या वाक्याने येतो.

म्हणून तिथले प्रमाणपत्र इथे चालेल का, या प्रश्नाचे उत्तर असे की पदोन्नतीसाठी त्याचा उपयोग नाही, पण त्यांची एक यादी वाचण्यासारखी आहे. या कामाला लागणाऱ्या अकरा क्षमता त्यांनी मांडल्या आहेत: संवाद, इमारतीची व्यवस्था, पैशाचे व्यवस्थापन, माणसांची घडण, निरनिराळ्या संस्कृतींची समज, नेतृत्व, व्यवस्थापन, प्रसिद्धी, नियोजन, विद्यार्थ्यांचे शिकणे आणि तंत्रज्ञान. ती अभ्यासक्रम म्हणून घेऊ नका, आरसा म्हणून घ्या. तिघांनी वेगवेगळे बसून प्रत्येकापुढे "जमते", "अडखळते" किंवा "माहीतच नाही" असे लिहावे आणि मग कागद एकत्र पाहावेत. तुमच्या बाबतीत मी पैज लावतो की पैशाच्या रकान्यात तुम्ही "जमते" लिहाल आणि विद्यार्थ्यांच्या शिकण्यापुढे पेन थांबेल. त्याकडे मी पुढे येतो.

तिथून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला जास्त आवडते. १९६० मध्ये काही अमेरिकन महाविद्यालयांनी कलाकार एकत्रितपणे ठरवण्यासाठी एक परिषद सुरू केली. एकच गायक एका भागातल्या चार महाविद्यालयांनी लागोपाठच्या तारखांना घेतला तर प्रवासखर्च वाटला जातो आणि मानधनही कमी होते, असा व्यापारी हिशेब त्यामागे होता. पुढे त्यातूनच कॅम्पसवरच्या प्रवृत्तींची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत प्रत्येक महाविद्यालयाचा वार्षिक उत्सव त्याच पाच-सहा मांडववाल्यांकडे आणि साउंडवाल्यांकडे जातो आणि प्रत्येकाला वेगळा भाव मिळतो. मी एकदा शेजारच्या तीन महाविद्यालयांच्या लिपिकांना बोलावून सगळ्यांनी मिळून एकच दर ठरवून घ्यायचा प्रयत्न केला. दर ठरले, पण तारखा जुळेनात, कारण प्रत्येक प्राचार्यांना शनिवार हवा होता. व्यवहार फिसकटला, तरी त्या बैठकीत चार कार्यालयांनी एकमेकांची बिले पाहिली, आणि एकाच फ्लडलाइटचा भाव चार ठिकाणी चार लागला होता हे उघड झाले. पुढच्या वर्षीपासून आम्ही नुसते एकमेकांना फोन करून भाव विचारू लागलो. प्रशिक्षणाच्या नावाखाली झालेल्या सगळ्या खर्चापेक्षा त्या दुपारीने संस्थेचे जास्त पैसे वाचवले.

नियमांबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण इथे अज्ञान महागात पडते. निवडणुकांसाठी लिंगडोह समितीच्या शिफारशी आहेत. समितीने २००६ मध्ये अहवाल दिला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्या लागू केल्या. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांच्या आत, छापील पत्रके आणि पोस्टर बंद, फक्त हाताने तयार केलेली चालतील. सगळी प्रक्रिया १० दिवसांत पुरी. पदवीच्या विद्यार्थ्याला वयाची अट १७ ते २२. हजेरी ७५ टक्के. निकालानंतर दोन आठवड्यांत खर्चाचा हिशेब. हिशेब विभागातून आलेल्या माणसाने या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवावे. बहुतेक ठिकाणी तो हिशेब कोणी मागत नाही, आणि न मागितलेला हिशेब वाद झाला की तुमच्याच टेबलावर येऊन पडतो.

ध्वनीचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक बंद, राज्य सरकार सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते. आपल्या नवरात्रातले सगळे वाद या एका वाक्यात आहेत. सूट तुमच्या तारखेला लागू आहे का, हे संघाच्या मुलाने वर्तमानपत्रात वाचले म्हणून मानू नका, पोलिसांच्या परवानगीच्या कागदावर वेळ लिहिलेली पाहा. गाण्यांच्या हक्काबाबत १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिक्षणसंस्थांना सवलत आहे, पण तिला मर्यादा आहेत. मुले आणि कर्मचारी स्वतः सादर करत असतील तर एक गोष्ट; ध्वनिमुद्रित गाणे वाजवायचे किंवा चित्रपट दाखवायचा तर प्रेक्षक संस्थेतले विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसे एवढेच हवेत. तिकीट लावून बाहेरच्यांना बोलावले की हे संरक्षण गृहीत धरता येत नाही. रॅगिंगविरोधी नियम २००९ चे, लैंगिक छळाच्या तक्रारींबाबतचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २०१५ चे आणि विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणाचे २०२३ चे. तुम्ही या समित्यांचे सदस्य नसाल, पण घाबरलेली मुलगी पहिल्यांदा समितीकडे जात नाही, ती तुमच्या खिडकीशी येते, कारण तिथेच तिने काल ओळखपत्राची चौकशी केली होती. खिडकीतल्या माणसाने तिला काय सांगायचे आणि काय विचारायचे नाही, हे तिघांनाही पाठ हवे. घडलेल्या प्रकाराचे तपशील खोदून विचारायचे नाहीत, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून "मिटवून टाकायचे" तर मुळीच नाही. समितीचे नाव, अध्यक्षांची खोली आणि लेखी तक्रार कशी द्यायची एवढे शांतपणे सांगायचे आणि हवे असल्यास सोबत चालत जायचे.

हे सगळे एका दिवसाच्या व्याख्यानात ऐकले तर संध्याकाळपर्यंत उडून जाते. आम्ही महिन्याला एकच नियम घेत असू आणि आमच्याच फाइलीतले एखादे प्रकरण त्याला लावून पाहत असू. "गेल्या फेब्रुवारीत आपण बाहेरच्यांना तिकीट लावून कार्यक्रम केला, तो या कलमात बसत होता का?" असा प्रश्न आला की लिपिकसुद्धा कायदा वाचतो.

आता तो थांबलेला पेन: विद्यार्थ्यांचे शिकणे. माझ्या मते या नोकरीतले सर्वांत अवघड कौशल्य हात मागे ठेवण्याचे आहे. एका वर्षीची आमची जी.एस. ही वाणिज्य शाखेची मुलगी होती. तिने स्मरणिकेच्या छपाईसाठी एकच कोटेशन आणले आणि माझ्यासमोर ठेवले. मला ठाऊक होते की तीन कोटेशने लागतात, मला चार छपाईवाले ठाऊक होते आणि दहा मिनिटांत मी दोन कोटेशने मागवू शकत होतो. माझा हात फोनकडे गेलाही. मग मी तो खाली घेतला आणि एवढेच विचारले, "हा भाव बरोबर आहे हे तुला कसे कळले?" ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "नाही कळले." दुसऱ्या दिवशी ती दांडिया बाजार आणि मांडवी पालथी घालून तीन भाव घेऊन आली, आणि कागदाच्या जाडीचा आकडा तीन ठिकाणी तीन वेगळा असल्यामुळे ते भाव एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, हेही तिनेच मला दाखवले. मला ते सुचले नसते. माझी दहा मिनिटे वाचवून मी तिची ती दुपार हिरावून घेतली असती.

मात्र हात मागे ठेवणे म्हणजे अंग काढून घेणे नाही, आणि सीमा कुठे हे प्रत्येक कार्यालयाने आधी लिहून ठेवावे. आमची सीमा अशी होती: जीव, पैसा आणि पोलीस या तीन गोष्टींत आम्ही मध्ये पडणार, बाकी सगळे मुलांना चुकू देणार. सजावटीचा रंग भयंकर निवडला, निवेदक लांबण लावतो, प्रमाणपत्रांवर नावे चुकली, होऊ द्यावे. प्रमाणपत्रांवर नाव चुकले की ते दुरुस्त करून पुन्हा छापण्याचे काम ज्याने यादी केली त्यालाच द्यावे, इतकेच.

६० हजारांच्या वाटणीबद्दल माझा सल्ला असा. प्रथमोपचार आणि अग्निशामक यंत्र हाताळण्याचा सराव तिघांनाही, ५ हजार. अग्निशमन दलाच्या माणसांना विनंती केली तर ते येऊन दाखवतात. लाल नळकांडे भिंतीवर असणे आणि त्याची पिन प्रत्यक्ष ओढलेली असणे यांत फार अंतर आहे. एखाद्या सनदी लेखापालाला एक दिवस बसवून मांडववाल्याच्या बिलातली कर-कपात, प्रायोजकाची रक्कम कोणत्या खात्यात घ्यायची आणि आगाऊ उचलीचा हिशेब किती दिवसांत मिटवायचा हे समजून घ्या, ६ हजार. तुम्हाला यातले बरेच येत असेल, पण लिपिकाने ते तुमच्याशिवाय ऐकावे. लिपिकाला संगणकावर तक्ते तयार करण्याचा वर्ग, ६ हजार. तुम्हाला स्वतःला एखादा अभ्यासक्रम हवाच असेल तर १५ हजारांच्या आतला, आणि तोही सहा महिन्यांनी, आपल्याला काय येत नाही हे कळल्यावर.

२० हजार मी दुसऱ्यांचे कार्यक्रम पाहण्यासाठी ठेवीन. वल्लभ विद्यानगर जवळ आहे, अहमदाबाद आणि सुरतही फार दूर नाहीत. युवक महोत्सव असेल तेव्हा जा, पण प्रेक्षक म्हणून समोर बसू नका. लिपिकाने नोंदणीच्या टेबलामागे उभे राहायचे, शिपायाने स्वयंपाकघर आणि मागचे दार पाहायचे, तुम्ही रंगमंचाच्या कडेला. प्रत्येकाने एकच प्रश्न बरोबर न्यायचा आणि त्याचे उत्तर घेऊन यायचे. आमच्या शिपायाने एका ठिकाणी पाहिले की पाण्याचे जार दाराशी न ठेवता मैदानाच्या चार कोपऱ्यांत ठेवले होते, त्यामुळे दाराशी गर्दी साचत नव्हती. आम्ही ते उचलले. उरलेले ८ हजार बैठकांच्या सेवउसळीला, फाइलींना आणि झेरॉक्सला. हिशेब विभाग हरकत घेईल, पण तो विभाग तुम्हाला ओळखतो.

प्राचार्यांना हे पटवताना कदाचित असा आक्षेप येईल की शिपायावर आणि लिपिकावर कसला खर्च करायचा. त्यांना याच शहराची आठवण द्या. सयाजीराव महाराजांनी राज्यभर ग्रंथालये काढायचे ठरवले तेव्हा नुसती पुस्तके विकत घेऊन भागणार नाही हे ओळखून १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावले आणि १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथालयात काम करणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला, तो हिंदुस्थानातला पहिला. राष्ट्रीय सेवा योजनेचेही उदाहरण द्या: १९६९ पासून चालत आलेल्या त्या योजनेत स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते, पण त्याआधी कार्यक्रम अधिकाऱ्याचे प्रशिक्षण योजनेतच लिहिलेले आहे. विद्यार्थी प्रवृत्तींच्या कार्यालयाला तसे काही लिहिलेले नाही, म्हणून ते तुम्हाला लिहावे लागणार आहे.

एक कटू गोष्टही सांगून ठेवतो. या कामात कितीही शिकलात तरी शिक्षकेतर कर्मचाऱ्याच्या पदोन्नतीत त्याची दखल सहसा घेतली जात नाही. मूल्यांकन समिती आली की मात्र विद्यार्थी सहभागाची सगळी कागदपत्रे तुमच्याकडूनच मागवली जातात. लिपिक दोन-तीन वर्षांत तयार होतो आणि मग त्याची परीक्षा विभागात बदली होते. ती बदली रोखण्याच्या भानगडीत मी पडलो नाही, कारण त्या माणसाचेही आयुष्य आहे. मी एवढेच केले की प्रत्येक प्रशिक्षणाची नोंद सेवापुस्तकात होईपर्यंत आस्थापना विभागाचा पिच्छा सोडला नाही, आणि जाणाऱ्याने येणाऱ्याबरोबर एक संपूर्ण कार्यक्रम जोडीने केल्याशिवाय कार्यभार सोडू नये अशी लेखी अट प्राचार्यांकडून घेतली.

आराखड्यात तिघांचीही नावे लिहा, शिपायाचे पूर्ण नाव आडनावासह. तुमचा पहिला कार्यक्रम १५ ऑगस्टचे ध्वजवंदन असेल. तो लहान आहे, दीड तासात संपतो, म्हणून सुरुवातीला उत्तम. खुर्च्या किती मांडल्या आणि किती भरल्या, ध्वजाची दोरी आदल्या दिवशी कोणी ओढून पाहिली, पाऊस आला तर मुले कुठे उभी करायची होती, हे १८ तारखेला तिघांनी बसून एका पानावर लिहा. ते पान तयार झाले की आराखड्याला जोडून प्राचार्यांकडे पाठवा.